भाग सतरा : धुरावलेल्या बरगड्या आणि त्यांचा कोरडा मसाला

मी मूळचा कोल्हापूरचा. तीस वर्षं तोफखान्यात काढली आणि आता नोएडात तळमजल्याच्या घरात राहतो. घरापुढे दोन खाटा मावतील एवढं गवत आहे आणि त्यावर झाकणाची एक गोल शेगडी उभी असते. आजचा भाग त्या शेगडीबद्दल, आणि खरं सांगायचं तर शेगडीपेक्षा जास्त एका काचेच्या बाटलीबद्दल आहे. त्या बाटलीत मी डुकराच्या बरगड्यांना लावायचा कोरडा मसाला भरून ठेवतो.

जे पोर्क खात नाहीत त्यांनी आज रजा घ्यावी असं म्हणणार होतो. पण थांबा. मध्ये एक गोष्ट अशी आहे की ती शाकाहारी माणसाच्याच जास्त कामाची आहे.

आमच्या घरात लहानपणी मटण म्हणजे बकरा. डुकराचं नाव जेवताना निघालं तरी आजी पान सोडून उठायची. मी पहिल्यांदा पोर्क खाल्लं ते लेफ्टनंट असताना, नागालँडमधल्या एका गावी, गावबुढ्यांच्या घरी. चुलीवर बांबूची माळी टांगलेली, तिच्यावर मांसाचे काळेकुट्ट तुकडे. चुलीचा धूर दिवसचे दिवस त्यांना लागत असायचा. मला वाटलं होतं की इतकं काळं दिसतंय म्हणजे मसाल्यात घोळलेलं असणार. मसाला काहीच नव्हता. धूर, वेळ, शिजवताना मीठ आणि बाजूला चटणीत ती नागा मिरची, जिला पुढे २००८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या चटणीचं बोटाला लागलं तेवढंच चाटलं आणि दहा मिनिटं बोलू शकलो नाही. गावबुढे हसत होते.

म्हणजे धुरावलेल्या मांसाला मसाला लागतोच असं नाही. मग आपण तो का लावायचा? कारण आपल्याकडे आठवडाभर पेटणारी चूल नाही. आपल्याला पाच-सहा तासांत काम उरकायचं असतं, आणि तेवढ्या वेळात मांसावर जो कुरकुरीत, काळपट-लाल थर यावा लागतो तो धूर एकटा आणू शकत नाही. तो थर मसाला, साखर, मांसातून आलेला रस आणि धूर मिळून तयार होतो. अमेरिकेत मेम्फिस शहरात बरगड्यांना कोरडा मसाला लावायची पद्धत प्रसिद्ध आहे. तिथलं ‘रॉन्देव्हू’ नावाचं हॉटेल १९४८ साली चार्ली व्हर्गोस या ग्रीक वंशाच्या माणसाने सुरू केलं आणि कोरड्या मसाल्याच्या बरगड्यांनी नाव काढलं. गंमत म्हणजे तिथे बरगड्या कोळशाच्या आचेवर भाजतात, तासन् तास धुरावत नाहीत. मसाला तोच, पण आच वेगळी. हा फरक मला फार उशिरा कळला, आणि त्याची किंमत दोन किलो मांसाने मोजली.

झालं असं. निवृत्तीनंतर शेगडी घेतली. पहिल्याच रविवारी जुन्या युनिटमधले चौघे जेवायला. मी म्हटलं, अमेरिकन मसाला कशाला, माझ्याकडे कोल्हापूरहून आलेली कांदा-लसूण चटणी आहे की! डंकावर कुटून आणलेली, वर्षभर पुरणारी. दोन्ही हातांनी चोळली. तासाभरात बरगड्या डांबरासारख्या. वर कडू, आत कच्चं. पाहुण्यांनी डाळ-भात खाल्ला आणि माझी अजूनही चेष्टा करतात.

चूक चटणीची नव्हती. ती तेलात परतलेल्या कांद्या-लसणाची, खोबऱ्या-तिळाची, मुळातच तेलकट आणि आधीच भाजलेली. रश्शात ती उत्तम, कारण तिथे पाणी असतं आणि पाणी असेपर्यंत तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही. शेगडीवर तो बांध नसतो. भाजलेलं खोबरं आणि लसूण पुन्हा भाजले की जळतात. शिवाय मी आचही बेसुमार ठेवली होती. म्हणून मसाला कोरडा हवा, त्यात तेलाचे जिन्नस नकोत आणि आधी भाजलेलं काही नको. एवढं कळायला मला दोन उन्हाळे लागले.

आता प्रमाण. मी शंभर ग्रॅमचा घाणा करतो, म्हणजे ग्रॅम आणि टक्केवारी एकच राहते आणि वहीत बघावं लागत नाही. मिरचीपूड २५, खांडसारी साखर ३०, काळी मिरी १०, धणे १०, लसणाची पूड १०, जिरे ५, पिवळी मोहरी ५, कांद्याची पूड ५. मीठ यात नाही. चुकून राहिलेलं नाही, मुद्दाम नाही, त्याच्याकडे येतो.

मिरचीसाठी ब्याडगी घ्या. कर्नाटकात हावेरी जिल्ह्यातलं ब्याडगी गाव, आपल्या बेळगाव-कोल्हापूरकडे घरोघर माहीत असलेली ती सुरकुतलेली मिरची. रंग भरपूर, तिखटपणा कमी. अमेरिकन पाककृतीत जी पॅप्रिका लिहिलेली असते तीही मिरचीच, त्याच जातीची, फक्त सौम्य. ती डबीतून महाग घेण्यात मला अर्थ वाटत नाही. स्पेनमध्ये ला व्हेरा भागात ओकच्या लाकडावर धुरावून वाळवलेली मिरची मात्र वेगळी चीज आहे. कोणी आणून दिली तर नाही म्हणू नका. पण आपण मांस खऱ्या धुरावरच ठेवणार आहोत, तेव्हा धुराची मिरची हवीच असं नाही. दिल्लीत ब्याडगी सहज नाही मिळाली तर काश्मिरी चालेल. मी चांदणी चौकाच्या टोकाला, फतेहपुरी मशिदीजवळच्या खारी बावलीतून अख्खी आणतो. तिथे जाताना नाकाला रुमाल बांधा. शिंका न देता त्या बाजारातून बाहेर पडलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

अख्खीच का? तयार पुडीत काय आहे ते डोळ्यांना कळत नाही. घरी पूड असेल तर एक सोपी परीक्षा आहे. पेल्यात पाणी घ्या, वरून चिमूटभर पूड सोडा. पूड खाली जाताना रंगाच्या रेघा ओढत गेली तर पाण्यात विरघळणारा रंग मिसळलाय. तळाशी खरखरीत गाळ बसला, बोटांत चोळून वाळूसारखा लागला, तर विटेची भुकटी. पण एक लक्षात ठेवा, तेलात विरघळणारे रंग या पाण्याच्या परीक्षेत सापडत नाहीत. म्हणून अख्खी मिरचीच बरी. काळ्या मिरीचीही तीच तऱ्हा: पाण्यात टाकल्यावर चांगली मिरी तळाला जाते, पपईच्या बिया तरंगतात.

साखरेवर लोक सगळ्यात जास्त गडबड करतात. अमेरिकन लोक ब्राऊन शुगर घालतात, म्हणून आपला देशभक्त माणूस लगेच गूळ किसतो. मीही केलंय, मुझफ्फरनगरचा गूळ इथून जवळच, आणि हिवाळ्यात काय सुंदर येतो. पण गूळ दमट असतो, मसाल्यात गोळे होतात, आणि त्यात ग्लुकोज-फ्रुक्टोज सुटं झालेलं असतं, त्यामुळे तो साध्या साखरेपेक्षा आधी काळा पडतो. खांडसारी कोरडी असते, तिला गुळाचा थोडा वास असतो आणि ११०-१२० अंशांच्या आचेला ती जळत नाही. इकडे देशी खांड म्हणून मागितली की मिळते. मेम्फिसच्या थाटात कोळशावर झटपट भाजायचं असेल तर मात्र साखर निम्म्यावर आणा.

लसूण आणि कांदा वाळलेलाच हवा. गुजरातेत महुवा भागात कांदा-लसूण वाळवण्याचे पुष्कळ कारखाने आहेत आणि तिथले काप किराण्यात मिळतात. ते आणून घरी दळायचे. जूनमध्ये इथे लू सुटते तेव्हा मी लसणाचे पातळ काप गच्चीवर जाळीखाली वाळवतो. दोन-तीन दिवसांत कडकडीत होतात. दिल्लीच्या उन्हाळ्याचा एवढा एकच फायदा मला आजवर सापडला आहे.

दळताना धणे, जिरे, मोहरी तव्यावर अगदी कोमट होईपर्यंतच शेकायचे, खमंग भाजायचे नाहीत. फक्त त्यांच्यातला ओलावा जायला हवा. मिरच्यांची देठं काढून त्या उन्हात कडक करायच्या. मिक्सर एकसारखा चालवू नका, भांडं तापतं आणि वास तिथेच उडून जातो. पाच-सात सेकंद फिरवायचं आणि थांबायचं. मिरी वेगळी, खलबत्त्यात जाडसर. बाकीचं बारीक. दळलेलं सगळं ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या आणि मगच साखर मिसळा, नाहीतर बाटलीला आतून दव सुटतं आणि महिन्यात ढेकळं. बाटली गडद रंगाची असली तर उत्तम. आपल्या वसई-मुंबईकडच्या ईस्ट इंडियन घरांत उन्हाळ्यात बाटली मसाला कुटतात आणि तो गडद बिअरच्या बाटल्यांत दाबून भरतात, त्यावरून तर त्याचं नाव पडलं. उजेडाने मिरचीचा रंग उडतो हे त्या बायकांना कोणी पुस्तकातून शिकवलेलं नव्हतं. माझा मसाला मी दोन-तीन महिन्यांत संपवतो. वर्षभराचा करून ठेवू नका, हा काही आपला घरचा तिखट नव्हे.

आता मीठ. बाजारातल्या तयार मसाल्यांच्या पाकिटामागे जिन्नस वाचा. बहुतेकांत मीठ पहिलं किंवा दुसरं असतं. जिन्नस वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, म्हणजे आपण मसाल्याच्या भावाने मीठ विकत घेतो. पण खरा त्रास वेगळा आहे. मसाल्यातच मीठ असलं की रंग कमी वाटला म्हणून आणखी मसाला लावावा, तर मीठही वाढतं. माझं ब्लड प्रेशर निवृत्तीच्या वर्षीच वर गेलं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगते. दोन किलो बरगड्यांना किलोमागे दहा ग्रॅम या सर्रास प्रमाणाने वीस ग्रॅम मीठ लागतं. पाच जणांत चार-चार ग्रॅम झालं, आणि अजून चटणी, पाव, लोणचं यांचा हिशोब धरलेलाच नाही! मी किलोमागे सात ग्रॅम घालतो, वजनकाट्यावर. फरक जिभेला फारसा कळत नाही.

मीठ वेगळं असण्याला दुसरं कारणही आहे. मीठ मांसात आत जातं, मसाला जात नाही. मिठाचे कण पाण्यात विरघळून हळूहळू आत सरकतात. मिरचीचा रंग, जिऱ्याचा वास वगैरे वरच्या थरातच राहतात, रात्रभर मुरत ठेवलं तरी. म्हणून मीठ आदल्या रात्री लावून बरगड्या फ्रीजमध्ये उघड्या ठेवायच्या. मीठ आधी पाणी बाहेर ओढतं, मग तेच पाणी परत आत जातं आणि सकाळी वरचा भाग किंचित चिकट झालेला असतो. त्यावर मोहरीच्या तेलाचा नुसता हात फिरवायचा आणि शेगडीवर ठेवण्याआधी अर्धा तास मसाला लावायचा, किलोला तीस ग्रॅम. चोळत बसू नका, वरून भुरभुरवून तळव्याने दाबा. आणि लावायचा तेवढा मसाला आधीच वाटीत काढून घ्या. कच्च्या मांसाचा हात बाटलीत गेला की ती अख्खी बाटली फेकायची.

मांस कुठून आणता? मी आयएनए मार्केटमधून आणतो. दिल्ली हाटसमोरचा तो बाजार, ज्या वसाहतीला आझाद हिंद फौजेचं नाव दिलंय तिथला. सफदरजंगजवळच्या हुमायूंपूरमध्ये ईशान्येकडच्या लोकांची दुकानं आहेत, तिथे नागा पद्धतीचं धुरावलेलं पोर्कही मिळतं. ते धुरावलेलं म्हणजे शिजलेलं नव्हे, घरी नीट उकळावंच लागतं. खाटकाला आधीच सांगा, ‘पूरा पट्टा रखना भैया, काटना मत’. नाहीतर क्षणात सुऱ्याने करीचे तुकडे होतात. घरी आल्यावर हाडांच्या बाजूचा पातळ पापुद्रा किचन पेपरने धरून ओढून काढा. तो राहिला तर तिकडून धूरही लागत नाही आणि मसालाही.

आणि आता ती शाकाहारी माणसाची गोष्ट. नव्वदच्या दशकात मी बॅटरी कमांडर होतो. माझ्या एका जवानाला परेडवर झटका आला. तोंडाला फेस, हातपाय ताठ. घरात मिरगीचा इतिहास नाही. बेस हॉस्पिटलात सीटी स्कॅन झालं आणि मेंदूत गाठ निघाली, फितकृमीच्या अळीची. बातमी लंगरात पोचली आणि तासाभरात सगळ्यांनी ठरवून टाकलं की पोर्कमुळे झालं, पोर्क बंद करा. तो जवान मात्र हॉस्पिटलात मला म्हणाला, ‘साब, मैंने तो ज़िंदगी में अंडा भी नहीं खाया.’ आमच्या मेडिकल ऑफिसरने मग मला बसवून समजावलं. नीट न शिजलेलं, अळ्या असलेलं डुकराचं मांस खाल्लं तर आतड्यात फितकृमी वाढतो. तो माणूस बरेचदा ठणठणीत दिसतो, पण त्याच्या शौचातून कृमीची अंडी बाहेर पडतात. ती अंडी पाण्यातून, मातीतून, न धुतलेल्या कोथिंबीर-मुळ्यावरून किंवा त्याच्याच न धुतलेल्या हातून दुसऱ्याच्या पोटात गेली, की तिथून अळी मेंदूपर्यंत पोचते. म्हणजे पोर्क खातो एक आणि झटका येतो दुसऱ्याला. आपल्या देशात फिट येण्याच्या कारणांत हे मोठं कारण आहे.

आम्ही पोर्क बंद केलं नाही. सगळ्या स्वयंपाक्यांची तपासणी झाली, कृमीची औषधं दिली गेली आणि सॅलड धुण्याचा नियम कडक झाला. जवान औषधांनी बरा झाला, पण पुढे ड्रायव्हिंगची ड्यूटी त्याला मिळाली नाही आणि ते त्याला फार लागलं. तेव्हापासून मांस घेताना मी कापलेल्या भागात तांदळाच्या दाण्याएवढे पांढुरके फोड नाहीत ना ते बघतो, घाणीवर चरणाऱ्या डुकराचं मांस घेत नाही आणि शिजवताना टोचायचा थर्मामीटर वापरतो.

बरगड्यांच्या बाबतीत खरं तर अळीचा प्रश्न उरत नाही, इतक्या त्या शिजाव्या लागतात. झाकणाखाली ११० ते १२० अंश, कोळसे एका बाजूला, मांस दुसऱ्या बाजूला, मध्ये पाण्याचं पातेलं. आतलं तापमान सत्तरच्या आसपास गेलं की अडून बसतं, तास-दोन तास हलत नाही. घाबरून कोळसे वाढवू नका. मांसाला घाम फुटलेला असतो आणि त्याने ते गार राहतं, उन्हातल्या माठासारखं. फार उशीर होत असेल तर फॉइलमध्ये गुंडाळा. नव्वदच्या पुढे गेलं, हाडाची टोकं बोटाच्या पेराएवढी उघडी पडली आणि चिमट्याने एका टोकाला उचलल्यावर पट्टा वाकून वरचा थर तडकला, की झालं.

लाकूड आंब्याचं किंवा पेरूचं, वाळलेलं, मुठीएवढे तीन-चार तुकडे. चीड-देवदार नको, राळ असते. पेट्यांची लाकडं तर अजिबात नकोत. दिल्लीच्या रिजवर जी विलायती कीकर माजली आहे, आपली वेडी बाभूळ, ती टेक्सासवाल्यांच्या मेस्कीटची सख्खी बहीण. तिकडे ते लोक पैसे मोजून घेतात! रिजवरची फांदी तोडू नका, तो राखीव भाग आहे. वखारीत, इकडे टाल म्हणतात तिथे, मिळते. पण धूर उग्र, एक तुकडा पुरे. धूर पातळ, निळसर हवा. पांढरा दाट धूर येत असेल तर हवेचं भोक उघडा, नाहीतर बरगड्या औषधासारख्या कडू लागतील.

दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत माझी शेगडी झाकलेली असते. हवा बिघडली की इथे ग्रॅपचे निर्बंध लागतात आणि हॉटेलांच्या तंदुरांतही कोळसा-लाकूड बंद होतं. पण मी त्यासाठी बंद करत नाही. वरच्या मजल्यावर सहा वर्षांचा नातू आहे शेजाऱ्यांचा, त्याला दमा आहे. एका नोव्हेंबरात मी शेगडी पेटवली आणि अर्ध्या तासात त्याची आजी काही न बोलता खिडक्या लावत होती. ते मी पाहिलं. तेव्हापासून थंडीत बरगड्या फॉइल लावून ओव्हनमध्ये १२० अंशांवर चार तास, मग फॉइल काढून अर्धा-पाऊण तास. शेवटी मोठ्या पातेल्यात ठेवून वाटीत एक लाल निखारा, त्यावर चमचाभर तूप, झाकण, दहा मिनिटं. खऱ्या धुराची सर येत नाही. मसाला मात्र तोच, आणि त्या नातवाला हाडं चोखायला फार आवडतात. त्याच्या ताटातली मिरी आधी झटकून द्यावी लागते एवढंच.